शिवहारचा बरोबरीचा डाव

हरायचं नाही, आणि जिंकायचं तर मुळीच नाही! जवळा बाजारच्या शिवहारने हा बेत आखला तेव्हा आपल्याइतका हुशार माणूस हिंगोली जिल्ह्यात दुसरा नाही, अशी त्याची खात्री पटली होती.

झालं होतं असं. वय तेहतीस, बियाण्यांचं दुकान आणि सतरा ठिकाणांहून नकार. अठराव्या ठिकाणी, औंढ्याजवळच्या ज्ञानबांनी आपली मुलगी कोमल दाखवली आणि विचारलं, "पाव्हणं, बुद्धिबळ येतं का?"

"येतं म्हंजे? डाव मांडल्याबिगर झोप लागत न्हाई!" पठ्ठ्याने ठोकून दिलं.

ज्ञानबांना शेरडं-मेंढरं सोडली तर हाच एक नाद. "मग रविवारी या. एक डाव होऊ द्या, पुढचं मग बोलू."

शिवहारला सोंगट्या कशा चालतात एवढंच मोबाइलवरून ठाऊक. सासऱ्याला हरवलं तर लग्न मोडणार, हरलो तर बावळट ठरणार. उरली बरोबरी! म्हणून त्याने बरोबरीत सुटलेला एक डाव मोबाइलवर हुडकला. दोन परदेशी गृहस्थ पत्रं पाठवून तो खेळले होते. सुरुवातच अशी भक्कम, की अडीच वर्षं कोणी कोणाला हलवू शकलं नव्हतं.

"जिंकलं कोण मग?" आईने, भागाबाईने विचारलं.

"कोणीच न्हाई, माय."

"अडीच वर्षं बसून? त्यायच्या घरी ढोरं-वासरं न्हाईत का?"

आठवडाभर शिवहार चौतीस खेळ्या पुटपुटत होता. गिऱ्हाईकाने कापसाचं बियाणं मागितलं, याने सोयाबीनची पिशवी दिली!

रविवारी ज्ञानबांच्या अंगणात सगळी गल्ली जमली. शिवहारने नागनाथाचं नाव घेतलं आणि राजापुढचं प्यादं ऐटीत दोन घरं सरकवलं.

"ओ पाव्हणं! दोन घरं काहून पळवून राहिले? प्यादं एकच घर चालतं!"

"पण मामा, त्या डावात..."

"आमच्या गावात देशी डाव. एकच!"

प्यादं मागे आलं आणि पाठ केलेला अख्खा डाव पहिल्याच खेळीत पाण्यात गेला. शिवहारला दरदरून घाम फुटला. निदान राजा तरी वाचवावा म्हणून चार-पाच खेळ्यांनी त्याने कॅसलिंग केलं, राजा कोपऱ्याकडे सरकवून हत्ती त्याच्या पलीकडे ठेवला.

"हत्ती राजावरून उडी मारून राहिला की हो!" गल्ली खदखदून हसली. ज्ञानबांनी हत्ती उचलून जागेवर ठेवला. मग त्यांचा स्वतःचा राजा टुणकन अडीच घरं उडाला.

"मामा, राजा घोड्यावानी?"

"डावात एकदा चालतो. एवढंबी ठाऊक न्हाई?"

अकराव्या खेळीला मात! शिवहारला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. "खोटं बोललो, मामा. मला येत न्हाई. आठ दिवस एक डाव पाठ करून आलो."

पण ज्ञानबा खूश! गावात त्यांच्यापुढे बसायला वर्षानुवर्षं कोणी तयार नव्हतं. "पोरगं पसंत आहे मला! कोमल, च्या आण!"

शिवहारचा जीव भांड्यात पडला. कोमल चहा घेऊन आली, कप ठेवला आणि म्हणाली, "आबा, मी न्हाई करणार. एका नादी माणसाला जेवाया हाका मारून माय थकली. घरोघर तेच का?"

"अगं, याला तर खेळताच येत न्हाई!"

"येत न्हाई तर आठ दिवस घोकून राहिले. येत असतं तर काय केलं असतं?"

कोमल आत निघून गेली. ज्ञानबांनी मात्र सोंगट्या पुन्हा मांडल्या. "तुमी येत जा, पाव्हणं. आपला डाव तर मोडला न्हाई ना?"

कोमलचं दुसरीकडे लग्न होऊन आता दोन वर्षं झाली. जावई बुद्धिबळाच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. शिवहार मात्र दर रविवारी औंढ्याची एसटी पकडतो आणि हरून येतो. बिचाऱ्याला बायको काही मिळाली नाही, सासरा मात्र मिळाला!