डोमाजीभाऊंची उसळणारी गाडी

डोमाजीभाऊंच्या गाडीत फुकट बसायला मिळे, पण मांडीवर पाण्यानं काठोकाठ भरलेला पितळी गंज घ्यावा लागे. त्या काळी मूल गावात संध्याकाळी कोणी ओल्या पँटनं घरी निघालेला दिसला, की लोक कारण विचारत नसत. "कुठवर नेलं भाऊनं?" एवढंच विचारत.

गाडी दोन माणसांची, बिनटपाची, विलायती आणि म्हातारी. इतकी बुटकी, की रस्त्यावरचे बैल आपल्याकडे वरून पाहत. एका लाकूड ठेकेदाराकडे शिकारीला आलेला पाहुणा ती डेपोत सोडून गेला होता. पुढं शिकार बंद झाली, पाहुणा काही परतला नाही, आणि जन्मभर सागाच्या ओंडक्यांचा ट्रक चालवलेल्या डोमाजीभाऊंनी ती ट्रकमागं बांधून घरी आणली.

सपाट रस्त्यावर गाडी गुमान चाले. खड्डा आला की मात्र तिचं बूड उसळून बाजूला सरके, जणू कोणी मागून चिमटा काढला. मग भाऊ गाडी थांबवून खाली उतरत, मागच्या चाकापाशी उकिडवे बसत, उठत, पुढं जात, परत मागं येत. पंगतीतही हा माणूस धड बसलेला मी पाहिला नाही.

"कुठी भिजला, बी.एस्सी.?" ते मला विचारत.

"डावीकडं."

"मंजे डावा पाटा."

हा पाटा म्हणजे ट्रकच्या चाकावर एकाखाली एक बसवलेल्या लोखंडी पट्ट्या असतात, त्यातला. ओंडके जड झाले की पाटा वाढवायचा, ही आमच्या भागाची रीत. भाऊंनी ती या गाडीला लावली होती, आणि सगळ्या जगालाही. खाट झोळली, एक पाटा वाढवा. पोरगा गणितात नापास झाला, "मास्तर, एक पाटा वाढवा त्याले." तलाठ्याची बायको रुसून माहेरी गेली तेव्हाही त्यांनी हाच सल्ला दिला. तलाठी पुढं महिनाभर त्यांच्याशी बोलला नाही.

पण त्या वर्षी भाऊंना घाई होती. त्यांची एकुलती एक लेक शोभा गडचिरोलीला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्यात तिला आणायचं होतं. गडचिरोली जिल्हा नवा झाला होता, रस्ता जुनाच होता, तोही ओंडक्यांच्या ट्रकांनी खोदून ठेवलेला. एस.टी.त पोटातलं पाणी हलतं, हे भाऊंचं म्हणणं. गंजातलं पाणी सांडणं बंद होईल त्याच दिवशी शोभाला आणायला निघायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. गाव म्हणे, म्हाताऱ्याले व्याह्यापुढं गाडी मिरवाची हाये. मलाही तसंच वाटे.

मी तेव्हा तिथल्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. आमच्या घरात सगळे तलावात मासे धरणारे. कॉलेजात गेलेला मी पहिला. हे कोणी विचारलं नाही तरी मी सांगत असे, आजही सांगतो. म्हणून एका रविवारी, दोन्हीकडून भिजल्यावर, मी बोललोच.

"भाऊ, तुम्ही पाटे घातले ट्रकचे. दोघा माणसांच्या वजनानं ते वाकतच नाहीत. न वाकणारी वस्तू उसळणारच."

"तू मासोळी खाल्ली का पुस्तक?" भाऊ भडकले. "पाटा काढला का गाडी जमिनीले टेकन!"

"मग मागं धानाचं पोतं टाकून पाहा."

पोतं टाकलं. गाडी म्हशीसारखी शांत चालली. भाऊंचा चेहरा पडला. दुसरं पोतं टाकलं, गाडी अजून शांत. भाऊ गाडीभोवती फिरत राहिले.

"आपण जिंदगीत पाटा वाढवलाच गा," ते शेवटी म्हणाले. "काढला कधी नाई."

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना पाहिलं, तर ते गाडीखाली. बाहेर नुसते पाय, तेही हलणारे. काढलेले पाटे अंगणात पडले होते. त्यांनी चाकांतली हवा कमी केली, धक्के शोषणारे गळके शॉकअब नागपूरहून भरून आणवले. त्यानंतर सावली गावापर्यंत गेलो. गंजातलं पाणी थरथरलं, पण माझी पँट कोरडी राहिली.

"चाल," भाऊ म्हणाले, "पोरीले आणू."

मी जाताना सोबत. येताना माझी जागा शोभाची, मी एस.टी.नं परतायचं.

शोभा दारातच हसली. पाठोपाठ तिची सासू आली. चहा झाला. मग शोभा हळूच म्हणाली, "बाबा, मी नाई येत जी. डॉक्टरीण बाईनं प्रवास नाई म्हटला. दवाखाना इथीच हाये. आन् तिथी कोण हाये माह्यं कराले? आई असती तं गोष्ट वेगळी."

"तुमी या ना भाऊ, इथी राहाले," सासू म्हणाली, अगदी मनापासून.

"बरोबर हाये," भाऊ म्हणाले. आणखी एकदा म्हणाले, "बरोबर हाये."

निघताना त्यांनी शोभाला उभ्या गाडीत एकदा बसायला लावलं. ती बसली. भाऊ मात्र तिच्याकडे न पाहता चाक आणि मडगार्डमधल्या फटीकडे पाहत होते. "पाहा, कशी मऊ बसली," ते मला म्हणाले. मग त्यांनीच दार उघडून तिला हात दिला.

त्या जागेवर मी बसलो. वैनगंगेचा पूल ओलांडला. पुढं पहिला खड्डा आला. त्यांचा डावा हात गिअरवरून उठला आणि माझ्या पोटापुढं आडवा आला, पोरीला सावरावं तसा. खड्डा गेला, हात गिअरवर गेला. पुढच्या खड्ड्याला पुन्हा तेच. त्यांचं लक्ष रस्त्यावर होतं; हात काय करतो आहे, त्यांना ठाऊक नसावं. एक सायकलवाला आम्हाला मागं टाकून निघून गेला, आणि हसला.

व्याहाड गाव जवळ आलं तेव्हा, भाऊ, आता पळवा ना जरा, असं म्हणणार होतो. इतक्यात समोर खड्डा दिसला. मी तोंड मिटलं आणि त्यांच्या हाताला जागा व्हावी म्हणून मागं रेलून बसलो.