दाऊदभाईंचं बर्फाचं पातं

हातात उचलून बघितल्याशिवाय दाऊदभाई कुठल्याही वस्तूबद्दल मत देत नसत. ओमानमधल्या मत्रहच्या बाजारात कलिंगड घ्यायला गेले की आधी दुकानदाराची वजनं उचलून बघायचे. आमच्याकडे नवा सोफा आला तेव्हा त्यांनी त्याचं एक टोक वर केलं, दुसऱ्या टोकाला माझी बायको बसलेली असताना. "माणूस खोटं बोलंल, सावंत," ते म्हणायचे, "वजन नाही बोलायचं."

वादी अदाई वस्तीत ते आमच्या खालच्या मजल्यावर राहत. मूळचे रत्नागिरीकडचे, बायको वारलेली, गाड्यांच्या जुन्या पार्टांचं दुकान. एकुलता एक मुलगा इम्तियाज त्यांचं न ऐकता कॅनडाला गेला. तेव्हापासून बापलेकांत ईदच्या सलामापलीकडे बोलणं नव्हतं.

आणि एका जुम्म्याला संध्याकाळी इम्तियाजचा फोन आला. घरापुढे गुडघाभर बर्फ साचतो, फावड्याने काढता काढता जीव जातो. पिकअपच्या पुढे लावून बर्फ ढकलायचं लोखंडी पातं जुन्यात मिळतं. अब्बा, कसलं घेऊ?

दाऊदभाईंनी उभ्या जन्मात बर्फ पाहिला होता तो सरबतात. शिवाय हे पातं उचलून बघायची सोय नव्हती. पण "बर्फ म्हणजे काय, थंड वाळूच की!" म्हणत ते कामाला लागले. स्वतःच्या पिकअपच्या बंपरला कपाटाचं दार दोरीने बांधलं आणि मला घेऊन अल खौदच्या पुढे वाळू ढकलायला निघाले. भर दुपारी आम्ही इकडची वाळू तिकडे करत होतो. एका ओमानी म्हाताऱ्याने गाडी थांबवून विचारलं, "क्या खो गया?"

"कुछ नहीं अर्बाब, बर्फ का प्रॅक्टिस है."

म्हाताऱ्याने मुकाट्याने पाण्याची बाटली माझ्या हातात दिली.

पातं हलकंच हवं, हे मात्र त्या दिवशी ठरलं. "जड लावलं की गाडी नाक घासते," दाऊदभाई म्हणाले. दार तोवर मोडलं होतं.

मग दर जुम्म्याला फोन येऊ लागला. इम्तियाज एकेक पातं सांगायचा आणि दाऊदभाई ते नापास करायचे. एकाचं वेल्डिंग कच्चं, दुसऱ्याच्या पंपातून तेल गळतंय, तिसरं जड. चौथं हलकं होतं, सरळ होतं, त्याच्या पिकअपला बसतही होतं. तेही त्यांनी "नवा रंग मारलाय म्हणजे काहीतरी लपवतोय" म्हणून मोडीत काढलं.

मी वैतागलो. "दाऊदभाई, पातं बघताय की सून बघताय? काय खोट आहे त्यात?"

ते फोनवरची धूळ पुसत बसले. "खोट काय नाही रे. पसंत केलं की खलास. मग तो फोन कशाला करील?"

मला फार वाईट वाटलं.

पुढच्या जुम्म्याला बोलता बोलता इम्तियाज कण्हला. बर्फ उपसताना कमरेत उसण भरली होती. दाऊदभाई ताडकन उभे राहिले. "ते चौथं आहे का अजून? आजच घे! माझं काय ऐकत बसलास? यल्ला, ठेव फोन आणि जा!" आणि त्यांनी स्वतःच फोन ठेवला.

त्याच्या पुढच्या जुम्म्याला मी मुद्दाम खाली गेलो. दाऊदभाई फोनशेजारी खुर्ची ओढून बसले होते. चहा झाला, मगरिबची अजान झाली, फोन काही वाजला नाही. मी उगाच दुकानाचा विषय काढला.

त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. फोनकडे बघतच म्हणाले, "फोन नाही आला. म्हणजे कंबर बरी असंल त्याची."