काकांच्या कपाळावरचं मीठ

नवी सून असताना मी एका माणसाचं कपाळ काथ्याने घासलं. माणूस म्हणजे माझे चुलतसासरे. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. काका मिठागरातून आले, कपाळावर मिठाची खपली दिसली. म्हटलं, आपण किती कामसू ते घराला दाखवावं. खपली निघेना. मी जोर लावला. रक्त आलं. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "अगं, तो माणूस हाय, टोप न्हाय."

काका म्हणजे आमच्या मुर्धा गावातलं एक नवलच. जन्मापासून पांढरेफटक, केस नि पापण्यासुद्धा पांढऱ्या, नजर अधू. लग्न केलं नाही, असं ते सांगत; खरं तर कुणी मुलगीच दिली नाही. ऊन त्यांना सोसत नसे. म्हणून मिठागरात ते मिठाच्या राशीच्या सावलीबरोबर राशीभोवती सरकत राहायचे, सकाळी पश्चिमेला, दुपारनंतर पूर्वेला. ते कुठल्या बाजूला आहेत ते बघून बायका चूल पेटवायच्या. "सूर्याला आपला पत्ता लागू द्यायचा न्हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

रक्त थांबलं, पण खपली पुन्हा धरली. मुंबईला डॉक्टरकडे चला म्हटलं तर काका तयार होईनात. गाडीत शेजारचे लोक सरकून बसतात म्हणे. शेवटी मी रडले. त्या वयात ते मला फार सुरेख जमायचं.

डॉक्टरांनी डोळ्यांआधी बोटं चालवली. कपाळ, कान, खालचा ओठ, सगळं चाचपलं. ही उन्हाने आलेली खरखर, म्हणाले. कर्करोग नव्हे, पण तशीच ठेवली तर तिकडे वळू शकते. मी म्हटलं, अहो, काका तर सावलीतच असतात. तेव्हा कळलं की पांढऱ्या मिठावरून ऊन उलटून तोंडावर येतं. सूर्याने मागच्या दाराने गाठलं म्हणून काका दिवसभर रुसले होते.

मग डॉक्टरांनी वाफा सोडणाऱ्या कोरड्या बर्फाची कांडी खपली जाळायला तिच्यावर दाबली. फोड आला, सुकला, खाली गुलाबी कातडी निघाली. नवी खरखर दिसण्याआधी बोटाला लागते, तेव्हा घरच्यांनी चाचपत राहावं, असं त्यांनी बजावलं. हे काम माझ्याकडे आलं. महिन्यातून एकदा पुरे होतं. काका मात्र रोज संध्याकाळी ओटीवर येऊन बसू लागले. आज कानामागं बघ, उद्या नाकाशी बघ.

एकदा मी वैतागलेच. म्हटलं, काका, कुठे काही नाही, रोज काय चाचपायचं?

त्यांनी तोंड तसंच पुढे धरलं. मग म्हणाले, "आई गेली तवापासून या तोंडाला कुणी हात लावला नव्हता, सूनबाई. खरखर न्हाय, ते मला ठावं हाय. तू आपली बघत जा."