नानांची बिननावाची गाडी

आमच्या घाटनांदुरात शेषेराव नानांकडं चहा प्यायचा म्हणजे जिवावर उदार होऊनच बसावं लागतं. त्यांच्या घरात एकाही डब्याला चिठ्ठी नाही. परवा माझ्या चहात साखरेऐवजी मीठ पडलं. तोंड वाकडं केलं, तर म्हणाले, "डब्याला नाव कावून पायजे बे? चाखलं की कळतंय!"

नाना माझे भिंतीला भिंत लागून शेजारी. जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले. नानी जाऊनही बरीच वर्षं झाली. ह्या माणसाचं नावांशी वैरच. दारावरची पाटी उपटली. स्टीलच्या भांड्यांवर मशीननं घातलेली नावं पॉलिश पेपरनं घासून काढली. त्या तडाख्यात आमच्याकडून भाजी घेऊन गेलेला डबाही घासला गेला. आता तो डबा आमचाच आहे हे बायकोला पटवता पटवता माझ्या नाकीनऊ आलेत.

हे खूळ कधी शिरलं ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. एकुलती एक लेक, सुनंदा, स्वतःच्या पसंतीनं लग्न करून पुण्याला निघाली, त्या दिवशी. नाना दारात उभं राहून ओरडले, "आजपासून तू मला मेलीस!" तीही बापाचीच लेक. फिरून आली नाही.

उन्हाळ्यात गाडीची पाळी आली. एकेकाळची लाल गाडी, उन्हात उभी राहून राहून पार विटलेली. मागं कंपनीचं नाव, अन् त्याखाली लेक शाळेत असताना नानांनीच हौसेनं चिकटवलेली चकचकीत अक्षरं: सुनंदा. नानांनी गरम पाणी ओतलं, अक्षरांमागं दोरा घालून करवतीसारखा ओढला, रॉकेलनं चिकटा पुसला. सगळं निघालं. अन् बघतो तर काय! अक्षरांखाली ऊन कधी पोचलंच नव्हतं. फिक्या गाडीवर 'सुनंदा' लालभडक उमटलेली. आधी चमक गेलेलं ते नाव जवळ जाऊन वाचावं लागायचं, आता रस्त्यावरून दिसायला लागलं.

मला हसू आवरेना. नाना मात्र मटकन खाली बसले. मग हट्टाला पेटले. गाडीची पाठ उन्हाकडं करून ठेवली. "हितं माणसं करपत्यात, रंग कावून न्हाई उडायचा?"

काल दुपारी पाहिलं, तर गाडीच्या पाठीवर नानीची गोधडी.

"हे काय, नाना?"

"ऊन लई हाय."

मी गोधडी उचलली. लाल अक्षरं फिकी पडायला लागली होती. मी म्हटलं, "नाना, फोन तरी करा की तिला."

"केलता." नानांनी बोटानं अक्षरांवरची धूळ पुसली. "म्हणली, तुमची लेक तर मेली ना? आन् ठिवला."

मी गोधडी परत पसरायला लागलो.

"नीट झाक बे," नाना म्हणाले. "त्या कडंचं 'सु' उघडं ऱ्हायलंय."