वडील एव्हिएशनमध्ये होते

गुरुवारी संध्याकाळी उल्हास ऑफिसातून आला तो बूटसुद्धा न काढता सोफ्यावर आडवा झाला.

"विभा, मेलो मी. मुदीर विमान घेतोय."

"घेऊ दे की," विभावरी कोथिंबीर निवडत म्हणाली. "आपल्या पार्किंगमध्ये लावणारे का?"

"जुनं आहे, छोटं, चार जणांचं. तबूकला. आणि शनिवारी ते बघायला मला नेतोय. मला आणि अण्णांना!"

आता यात मुदीर, म्हणजे कंपनीचे मोठे साहेब, अबू नवाफ यांचा काही दोष नव्हता. अकरा वर्षांपूर्वी उल्हास रियाधच्या या कंपनीत हिशेबनीस म्हणून नवा नवा लागला, तेव्हा जेवताना वडिलांच्या गप्पा निघाल्या. कुणाचे वडील कर्नल, कुणाचे सर्जन. उल्हासची पाळी आली. घास गिळून तो म्हणाला, "माय फादर वॉज इन एव्हिएशन." कुठल्या विभागात, असं कुणीतरी विचारलंच. "रनवे क्लिअरन्स."

खोटं म्हणाल तर यात एक अक्षर खोटं नव्हतं. अण्णासाहेबांनी साताऱ्याकडच्या एका फ्लाइंग क्लबात एकतीस वर्षं नोकरी केली, आणि विमान उतरायच्या आधी धावपट्टीवरची गुरं हाकलणं हेच त्यांचं काम होतं. परवा उल्हासनं वडील व्हिजिट व्हिसावर आलेत म्हणून अर्धा दिवस रजा मागितली आणि अबू नवाफना ते एव्हिएशन आठवलं. घरचा जाणकार असताना परका कशाला?

"खरं सांगून टाक ना," विभावरी म्हणाली.

"अकरा वर्षांनी? माझा इकामा त्यांच्या हातात आहे, रद्द केला तर देश सोडावा लागेल! आणि तोंड कुठे लपवू?"

आतल्या खोलीतून अण्णासाहेब कानटोपी घालूनच बाहेर आले. "इमान बघायला जायचंय व्हय? चल की. तिकडं थंडी असंल."

शनिवारी मुदीर, उल्हास आणि अण्णासाहेब उत्तरेकडच्या तबूकला पोचले. तिघांपैकी कुणीच ते पाहिलेलं नव्हतं. थंडी मात्र खरंच होती. शहराबाहेर एका शेतमळ्यात खाजगी धावपट्टी होती आणि पत्र्याच्या शेडखाली ते विमान, पांढरं, निळा पट्टा विटलेला. मालक म्हणजे एक निवृत्त वैमानिक, आणि देखभालीला हैदराबादचा फकरुद्दीन मेकॅनिक. त्यानं इंजिनावरचं झाकण उघडलं आणि सगळे अण्णासाहेबांकडे बघायला लागले.

अण्णासाहेबांनी इंजिनाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पंखावर हात ठेवून ते नुसते उभे राहिले.

"आपल्या क्लबातलं दोन नंबरचं असंच व्हतं बघ," ते उल्हासला म्हणाले. "पहाटे हात लावला की असंच गार लागायचं. तुला पंखाखाली बसवून मी जायचो, आठवतंय का?"

उल्हासला आठवत होतं, पण ही वेळ नव्हती. अण्णासाहेब हात मागे बांधून धावपट्टीवर चालायला लागले. मागोमाग मुदीर, त्यांच्या मागे मालक, शेवटी फकरुद्दीन. शंभर पावलांवर अण्णासाहेब वाकले आणि काटकीनं काहीतरी फोडून बघितलं.

"लेंड्या. ताज्या हाईत. कुंपण मोडलंय कुठंतरी. आत्ता उडवू नका म्हणावं."

"काय म्हणतात?" अबू नवाफनी अदबीनं विचारलं.

उल्हासला त्या थंडीत घाम फुटला. एव्हिएशनमधला माणूस लेंड्या तपासतो, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

"सर, फादर म्हणतात, रनवे एक्सलंट आहे."

"माशाल्लाह! यल्ला!" म्हणत अबू नवाफ मालकाशेजारी जाऊन बसलेसुद्धा. विमान घरघरत पळालं आणि उडालं.

"आरं, उडवू नका म्हटलं ना मी? सांगितलंस का न्हाई?"

"सांगितलं, अण्णा."

"मग बहिरा हाय का त्यो?"

दहा मिनिटं झाली असतील. सुरूच्या झाडांमागून एक उंट आला. त्याच्यामागे दुसरा. बघता बघता सतरा उंट धावपट्टीच्या मधोमध येऊन थांबले, आणि एक तर ऐसपैस बसलाच. विमान उतरायला खाली आलं आणि उंटांच्या डोक्यावरून गरजत परत वर गेलं.

"अल्ला!" फकरुद्दीन किंचाळला. "टंकी में आधे घंटे का च पेट्रोल डाला मैं! बाजू में पूरे पत्थर हैं, उतरते कहाँ?" त्यानं पिकअप काढून भोंगा वाजवायला सुरुवात केली. उंट माना वळवून ऐकत राहिले.

"ते पों पों बंद कर आधी!" अण्णासाहेब अस्सल मराठीत ओरडले आणि फकरुद्दीननं निमूट बंद केलं.

"अण्णा, उंट आहेत ते! तुम्ही कधी हाकलेत का?"

"जनावरच हाय ना? म्होरकी एकच असती. ती वळली की बाकीची येत्यात."

खांद्यावरचं उपरणं काढून अण्णासाहेब बाजूबाजूनं एका थोराड सांडणीकडे निघाले. अजिबात घाई नाही. जवळ पोचल्यावर उपरणं झटकलं आणि हाक दिली, "हाऽऽ ह्यॅऽ!"

ती हाक उल्हासच्या ओळखीची होती. लहानपणी पंखाखाली बसून रोज पहाटे ऐकलेली हाक. तेव्हा त्याला वाटायचं, ही विमानं आपल्या अण्णांच्या हुकमानं उतरतात. पुढे शाळेत पोरं चिडवायला लागली आणि तो फॉर्मवर नुसतं 'नोकरी' लिहायला लागला. आज त्याला स्वतःचीच भयंकर लाज वाटली.

सांडणी वळली. मागोमाग पंधरा वळले. बसलेल्या उंटाच्या कानाशी जाऊन अण्णासाहेब काहीतरी बोलले. काय ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण उंट उठला. मग धावपट्टीच्या कडेला ताठ उभं राहून त्यांनी उपरणं डोक्यावर दोनदा फिरवलं. विमानानं दोन्ही पंख हलवून जबाब दिला आणि ते अलगद उतरलं.

अबू नवाफ उतरले ते तडक उल्हासकडे आले.

"उल्हास, खरं सांग. वडिलांचं नेमकं काम काय होतं?"

"हेच, सर. धावपट्टीवरची गुरं हाकलायचे. मघाशी ते उडवू नका म्हणाले होते. मीच तुम्हाला सांगितलं नाही. मला लाज वाटली."

फकरुद्दीन उगाचच एक पुसलेला पाना पुन्हा पुसायला लागला. अबू नवाफनी लांब जाणाऱ्या उंटांकडे एकदा पाहिलं. मग पुढे झाले आणि अण्णासाहेबांची कानटोपी जरा वर सरकवून, तिकडे वडीलधाऱ्यांचं घेतात तसं, त्यांनी त्यांच्या कपाळाचं चुंबन घेतलं.

"माझे वडील खमीस मुशैतकडे उंट वळायचे," ते हळूच म्हणाले. "मी ऑफिसात सांगतो, ट्रान्सपोर्टमध्ये होते."

"काय म्हणतोय त्यो?" अण्णासाहेबांनी विचारलं.

या वेळी उल्हासनं शब्द न शब्द सांगितला. अण्णासाहेबांनी मुदीरना आपादमस्तक न्याहाळलं आणि उपरण्याची घडी घातली.

"आरं, मग ह्यो वर कशाला गेला? खाली असता तर दोघांनी मिळून पाच मिन्टांत वळवले असते."