लारच्या कपाटाचं तिसरं दार

"कपाट येणार नसेल तर मीही येणार नाही," असं जाहीर करून क्लिफर्ड ट्रकच्या पायरीवर हाताची घडी घालून बसले. वय एकोणऐंशी, पण बसण्याची ऐट अशी, की मागे तोफखान्याची अख्खी तुकडी उभी असावी. मागे होतं ते सुटं करून रचलेलं, अकरा फूट लांब आणि साडेसात फूट उंच जर्मन कपाट.

त्यांची लेक नदीन हिने आपल्या तान्ह्या रूबीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. ओरोमोक्टो गावातल्या या वृद्धनिवासात खोली मिळायला दोन वर्षं लागली होती. गेल्या हिवाळ्यात बाबा जिन्यावरून दोनदा पडले होते. तिसऱ्यांदा पडतील तेव्हा घरात कोण असेल, या विचाराने तिच्या जिवाला घोर लागला होता.

निवासाच्या व्यवस्थापिका कॉर्मियेबाई कागद घेऊन दारातच उभ्या होत्या. "नियम चौदा. लिफ्टमध्ये मावेल तेवढंच सामान वर जाईल."

"हे कुठे सामान आहे?" क्लिफर्ड म्हणाले. "या चौतीस फळ्या आहेत. एकेक मावते."

"बाबा, जाऊ द्या ना. आपण छोटं घेऊ एखादं," नदीन पुटपुटली.

"पोरी, जर्मनीतला आपल्या फौजेचा लारचा तळ बंद केला, आम्ही गप्प बसलो. फाटकाला कुलूप घातलं, तरी गप्प बसलो. आता एका लिफ्टपुढे गप्प बसू?"

कॉर्मियेबाईंनी घड्याळ पाहिलं. "चार वाजता बघायला येते. तोवर कपाट उभं नसेल तर फळ्याही खाली आणि तुम्हीही. यादीत पुढचे लोक थांबलेत."

क्लिफर्डनी दोन फोन केले. वीस मिनिटांत लारचे दोन साथीदार हजर झाले: रणगाडा चालवणारा गास्तों आणि भटारखान्यातला मेल्विन. दोघांच्या घरी असंच कपाट होतं. लारहून परतलेल्या कुटुंबांत ते नसणारं घर विरळाच. लष्कर फुकट वाहून आणणार म्हटल्यावर मापं कोण घेतो? इकडे आल्यावर छतं बुटकी निघाली.

क्लिफर्डच्या कपाटाला आणखी एक खोड होती. ब्याण्णव-त्र्याण्णवला तळ आवरताना सगळ्यांचं सामान एकदमच बांधलं गेलं, आणि त्यांच्या कपाटाला तिसरं दार भलत्याच कुणाचं आलं. रंग गडद आणि किल्ली लागेना. बत्तीस वर्षं ते बुटाच्या नाडीने बांधलेलं होतं.

"डावीकडे! थांब! आता मागे!" गास्तों लिफ्टच्या तोंडाशी दोन्ही हात हलवत ओरडत होता.

"अरे, फळी आहे ती, रणगाडा नाही," मेल्विन आतून कण्हला.

"बेचाळीस टनांचा रणगाडा गावातल्या गल्लीतून काढलाय मी. एक कुंडी फुटली नाही."

"आणि त्या खाटकाचं कुंपण?"

"ते आधीच पडलेलं होतं!"

तीन वाजता फळ्या वर पोचल्या आणि खरं युद्ध सुरू झालं. जर्मन सुताराने खडूने घातलेले आकडे पुसून गेले होते. मेल्विन म्हणाला, सुतार उजवीकडून मोजायचा. क्लिफर्ड म्हणाले, डावीकडून. मग तो सुतार लारचा की शेजारच्या ऑफेनबुर्गचा, यावर दहा मिनिटं गेली. त्याच्या बायकोच्या प्लमच्या केकवर आणखी पाच. साडेतीनला कपाट उभं राहिलं, पण उलटं. पुन्हा सोडलं.

"बाबा, डुगडुगतंय हे! भिंतीला आवळा आधी. रूबी रांगते इथे," नदीन म्हणाली. ती जमिनीवर बसून स्क्रू मोजत होती. सोळा हवे होते. पंधराच भरले.

तिने रूबीकडे पाहिलं. रूबी काहीतरी चघळत होती.

"गिळला! बाबा, हिने स्क्रू गिळला!"

तिघे म्हातारे गुडघ्यांवर आले. नदीनने बोट घालून रूबीच्या तोंडातून बिस्किटाचा लगदा काढला. गास्तों "घाबरू नकोस पोरी" म्हणायला गेला, पण "घाबऊ नओस" एवढंच निघालं. सोळावा स्क्रू त्याच्या दातांत होता.

चारला दोन मिनिटं असताना तो स्क्रू बसला, तरी कपाट जरासं डुगडुगतच होतं. क्लिफर्डनी तिसऱ्या दाराची नाडी आवळली, तोच कॉर्मियेबाई आत आल्या.

बाईंनी वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नाडीपाशी त्यांची नजर अडकली. "हे दार तुमचं नाही," त्या हळूच म्हणाल्या. "आमच्या घरी सगळं कपाट गडद आहे. तिसरं दार तेवढं फिकट."

बाई खुर्चीत बसल्या. "दोन वर्षं बाबांना सांगतेय, इथे राहायला या, यादीत तुमचं नाव सगळ्यात वर आहे. कपाटाशिवाय येत नाहीत. निदान नियमाला तरी मानतील म्हणून चौदावा नियम लिहिला. तर घरीच अडून बसले." त्यांनी फोन काढला. "बाबा? तुमचं दार सापडलंय."

अर्ध्या तासात ब्याऐंशी वर्षांचे व्हिक्टर कॉर्मिये काठी आपटत आले. कुणाला रामराम नाही, काही नाही. गळ्यातली किल्ली काढून त्यांनी तिसऱ्या दाराला लावली. खट् आवाज झाला आणि कुलूप फिरलं.

"काढून द्या ते दार. घेऊन जातो."

"मुळीच नाही," क्लिफर्ड म्हणाले. "बत्तीस वर्षं मी सांभाळलंय."

"बांधून ठेवलं होतंत! याला सांभाळणं म्हणतात?"

"तुमच्याकडे माझं आहे, त्याचं काय?"

व्हिक्टरनी एक खुर्ची ओढली, दारासमोर मांडली आणि काठी मांडीवर आडवी ठेवून बसले. "जिथे दार, तिथे मी. पोरी, खोली दे मला. यांच्या शेजारची."

"बाबा, पण तुमचं कपाट…"

"लिफ्टमध्ये मावतं. यांनी माववून दाखवलंय."

गास्तों बाह्या सरसावत होता. "फळ्या किती, साहेब?"

"चौतीस."

कॉर्मियेबाईंनी नियम चौदाचा कागद हातात घेतला. त्याच्या चार घड्या घातल्या, खाली वाकल्या आणि कपाटाच्या पायाखाली सरकवला. नदीनने दोन्ही हातांनी कपाट हलवून पाहिलं. आता ते जराही डुगडुगत नव्हतं.