आतल्या खोलीत बघून या

"आज जेवायला तरी उठा. नाहीतर मी ताईकडे निघून जाईन, आणि परत यायची नाही," विम्याच्या एजंटाची बायको दारात उभी राहून म्हणाली. आवाज अगदी शांत होता. असल्या शांत आवाजाला घाबरायचं असतं हे एरवी त्या गृहस्थाला कळलं असतं, पण नेमके त्याच क्षणी त्याच्या हातात पत्त्यांतले दोन राजे आले होते. "हो, हो," तो स्क्रीनकडे बघतच म्हणाला. गेले सहा महिने दर रविवारी तो असंच म्हणत होता आणि ती एकटी जेवत होती.

ऑनलाइन पोकरच्या स्पर्धेत एक निर्दयी सोय असते. तुम्ही मध्येच उठून गेलात तरी तुमची खुर्ची राहते. नावापुढे 'बाहेर' अशी पाटी लागते, तुम्हाला पत्ते वाटले जातात, कॉम्प्युटरच ते टाकून देतो आणि दर फेरीला तुमच्या थोड्या चिप्स, म्हणजे डावावर लावायच्या चकत्या, कापून घेतो. एजंटाने हे बरोबर हेरलं. पत्त्यांत त्याला फारशी गती नव्हती, पण लोकांच्या पोटात गोळा आणण्याचा वीस वर्षांचा अनुभव होता. त्याच्यावरच तर घर चाललं होतं.

समोर 'बदकराव' नावाचा खेळाडू फार जोरात होता. एजंटाने गप्पांच्या चौकटीत लिहिलं, "बदकराव, घरी सगळं ठीक ना? आतल्या खोलीत एकदा बघून या."

"का हो?"

"काही नाही. सहज."

या 'सहज'वर त्याने आजवर शेकड्याने पॉलिसी खपवल्या होत्या. बदकराव जेमतेम मिनिटभर टिकले. पाटी लागली, बाहेर. एजंट गालातल्या गालात हसला आणि लगेच 'तिखट मास्तर' नावाच्या दुसऱ्या खेळाडूला तेच लिहून मोकळा झाला. मास्तरही गेले.

दहा मिनिटांनी बदकराव परतले. "अहो, तुम्ही आहात तरी कोण? नळ उघडा राहिला होता. पाणी पार पलंगाखाली गेलं होतं. तुम्हाला कसं कळलं?"

योगायोग, दुसरं काय, असं एजंट स्वतःशी म्हणाला. तेवढ्यात मास्तर आले. "नात कपाटावर चढून बसली होती. हात सुटणार तेवढ्यात धरली. फार उपकार झाले."

एजंटाला आता हसू येईना. टेबलावरचे बाकीचे लिहू लागले, "साहेब, आमच्याकडे पण बघा ना." "माझ्या घरी काय दिसतंय?" त्याने उत्तरच दिलं नाही, आणि तेच बाधलं. गप्प बसलेला माणूस हमखास काहीतरी वाईट दडवतोय अशी सगळ्यांची खात्री पटली आणि एकेक जण उठून गेला. बदकराव तर दुसऱ्यांदा गेले. आठच्या आठ नावांपुढे 'बाहेर' लागलं. पत्ते मात्र येत राहिले. रिकाम्या खुर्च्यांपुढे दोन-दोन पत्ते सरकत यायचे, क्षणभर थांबायचे आणि आपोआप नाहीसे व्हायचे. एजंट स्वतःचे पत्तेही न बघता प्रत्येक डाव जिंकत होता.

मग एक पाटी निघाली. 'गप मुंगी' या खेळाडूने आजवर एक अक्षरही लिहिलं नव्हतं. आता त्याने लिहिलं, "माझ्या आतल्या खोलीत कोणी राहतच नाही. मी एकटाच असतो. तरी बघून आलो."

"मग?"

"आता तुम्ही बघून या."

"का?"

"काही नाही. सहज."

ही आपलीच थाप आहे हे एजंटाला पक्कं ठाऊक होतं. आपण उठलो की ही मुंगी बसल्या बसल्या आपल्याला खाऊन टाकणार, हेही ठाऊक होतं. पण घरातून काहीच ऐकू येत नव्हतं. भांडं नाही, नळ नाही, टीव्ही नाही. केव्हापासून नाही, हेसुद्धा त्याला आठवेना. "अगं!" त्याने हाक मारली. "अगं, ऐकतेस का?" शेवटी त्याने तिला फोन लावला. आतल्या खोलीत घंटी वाजली, बराच वेळ वाजली आणि थांबली.

एजंट उठला. सहा तास बसून पायांना मुंग्या आल्या होत्या. भिंतीला धरत तो आतल्या खोलीपर्यंत गेला आणि त्याने दार ढकललं. पडदे ओढलेले होते. अंधारात पलंगाच्या कडेवर बाहेरचे कपडे घालून बायको बसली होती. मांडीवर बॅग, हातात फोन.

"चारपर्यंत वाट बघणार होते," ती म्हणाली. "तुम्ही एकदा जरी आत डोकावलात तरी राहायचं, असं ठरवलं होतं. नाहीतर साडेचारची बस." तिने फोन बाजूला ठेवला. "पण तुम्ही आलात कसे? कोणी सांगितलं?"

एजंटाला भयंकर लाज वाटली. वीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला चटकन काही थाप सुचेना.

"मुंगीने," तो म्हणाला.

"कोणी?"

"मुंगीने सांगितलं. आतल्या खोलीत बघून या म्हणाली."

तिने त्याच्याकडे नीट बघितलं. घामाने डबडबलेलं कपाळ, पांढरा पडलेला चेहरा. तिने पुढे होऊन कपाळाला हात लावला. "अगं बाई! ताप डोक्यात गेलाय. बसा आधी खाली."

आणि तिने बॅग उघडली. थर्मामीटर ती ताईकडे कशाला नेत होती देव जाणे, पण तो अगदी तळाशी होता. स्वेटर, टॉवेल, औषधांची पिशवी, चपलांचा जोड असं करत करत जवळजवळ सगळी बॅग पलंगावर आली. बाहेरच्या खोलीत त्याच्या खुर्चीपुढे पत्ते पडल्याचा आवाज येत होता.

आपल्याला ताप नाही हे एजंटाला माहीत होतं. त्याने निमूटपणे तोंड उघडलं आणि थर्मामीटर जिभेखाली घेतला.